‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनला चार दिवस उरलेले. रात्रीचे अकरा वाजलेले आणि रूममेटचा लॅपटॉप साधी वर्डची फाइल सेव्ह करायला तयार नाही. ‘धिस पीसी’ उघडून बघितलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. शंभर जीबीतले जेमतेम काही एमबी शिल्लक. आणि त्याच्याच शेजारी डी ड्राइव्ह मात्र मे महिन्यातल्या विष्णुपुरीसारखा रिकामा.

“आता काय करूलालास?” मी विचारलं.

“काय करणार? फॉरमॅट मारतो. सकाळी दुकानात टाकतो, दुपारपर्यंत नवाकोरा होऊन येतो.”

सकाळी तो दुकानात गेला. दुकानदारानं रीतसर विचारलं, “काही डाटा हाय का सीला?” यानं छातीठोकपणे सांगितलं, “नाही, सगळं डीलाच आहे.” संध्याकाळी लॅपटॉप खरंच नवाकोरा होऊन आला. याने तो चालू केला आणि बसल्या जागी गप्प झाला. डेस्कटॉप कोरा होता. फायनल इयरचा प्रोजेक्ट गेला. महाडीबीटीच्या फॉर्मसाठी स्कॅन करून ठेवलेले दाखले गेले. आणि उदगीरकडच्या गावात आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्याचं रेकॉर्डिंगही गेलं. आजी गेल्या वर्षी वारली.

“पण मी ते सीमध्ये ठेवलंच नव्हतं रे,” तो सारखं म्हणत होता, “मी डेस्कटॉपवर ठेवलं होतं!”

दोस्तांनो, हे वाचून हसू नका. आपल्यापैकी किती जणांना आपला डेस्कटॉप नेमका कुठं असतो ते माहीत आहे? मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी आहे, तरीही.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं अगदी सरळ आहे. सिस्टीमचं सामान आणि आपलं सामान एकाच खोलीत ठेवायचं नाही. कुठलं सामान हलवता येतं आणि कुठल्याला हात लावायचा नसतो, हे ज्याचं त्याला कळलं पाहिजे. आणि हे काम दुकानदारावर सोडायचं नाही.

एक सातबारा, मध्ये बांध

पार्टिशन म्हणजे वाटणी. आपल्याकडं हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. डिस्क म्हणजे एक सलग रान. त्यात बांध घातले की सी, डी, ई असे तुकडे पडतात. नावं सीपासूनच का सुरू होतात? कारण ए आणि बी ही अक्षरं जुन्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरं तशीच राहिली.

सी ड्राइव्हमध्ये विंडोज राहतं. पण तिथंच ‘यूझर्स’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. म्हणजे स्क्रीनवर डोळ्यांसमोर दिसणारा डेस्कटॉप हवेत लटकत नसतो. तो सीच्या पोटात असतो. सी पुसला की तोही पुसला जातो. माझ्या रूममेटचं सगळं नुकसान या एका न कळलेल्या गोष्टीमुळं झालं.

आता दुसरी गोष्ट. एकाच पार्टिशनमध्ये फाइल इकडची तिकडं केली तर ती क्षणात जाते. मोठा सिनेमासुद्धा. कारण फाइल जागची हलतच नाही, फक्त नोंद बदलते. तलाठ्याकडचा फेरफार म्हणा ना. पण बांध ओलांडून सीमधून डीमध्ये न्यायची असेल तर खरोखर माल वाहून न्यावा लागतो. एकेक फाइल तिकडं कॉपी होते आणि मग इकडची पुसली जाते. म्हणून वेळ लागतो, आणि म्हणूनच धोकाही असतो. मधेच लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली, तर अर्धं सामान इकडं, अर्धं तिकडं आणि एखादी फाइल वाटेतच तुटलेली. आपल्याकडं लाईटचा भरवसा किती, हे मी वेगळं सांगायला नको. त्यामुळं पहिला नियम: कट-पेस्ट करायचं नाही. आधी कॉपी करायचं, चार फायली उघडून बघायच्या, मगच जुनं पुसायचं.

काय हलवायचं, काय नाही

सी लाल झाला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक फॉरमॅट मारणारे. दुसरे जास्त धाडसी. ते थेट ‘प्रोग्राम फाइल्स’ किंवा ‘विंडोज’ फोल्डर पकडतात आणि डीमध्ये ओढतात. विंडोज सहसा तसं पूर्ण होऊ देत नाही. पण जेवढं होतं तेवढ्यानंही बराच घोळ होतो. एखादं सॉफ्टवेअर आपण टाकतो तेव्हा त्याचा पत्ता रजिस्ट्रीत, शॉर्टकटमध्ये, आणखी दहा ठिकाणी लिहिला जातो. फोल्डर ओढल्यानं हे पत्ते बदलत नाहीत. मग आयकॉनवर क्लिक केलं की ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. सॉफ्टवेअर डीला न्यायचंच असेल तर ते काढून टाका आणि पुन्हा टाकताना जागा डीची निवडा. काही गेम आणि स्टोअरवरून घेतलेल्या ॲप्सना सेटिंगमध्येच ‘मूव्ह’चं बटण असतं, तिथं ते वापरा.

आपली स्वतःची फोल्डरं मात्र हक्कानं हलवता येतात, आणि त्यासाठी सरळ वाट विंडोजनंच दिलेली आहे. डीमध्ये आपल्या नावाचं एक फोल्डर करा. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स अशी रिकामी फोल्डरं करा. मग मूळ डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डीमधलं त्याच नावाचं फोल्डर निवडा. अप्लाय केलं की विंडोज विचारतं, जुन्या फायलीही तिकडं नेऊ का? ‘हो’ म्हणा. पण त्याआधी सगळं एकदा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलेलं असू द्या.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली, नवीन फोल्डर न करता थेट डी ड्राइव्हच निवडायचा. तसं केलं की अख्खा डी म्हणजेच ‘डाउनलोड्स’ होऊन बसतो आणि निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. दुसरी, वनड्राइव्ह विसरायचं. पुष्कळ लॅपटॉपांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आधीच वनड्राइव्हच्या ताब्यात असतात. आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या फोल्डरांचा बॅकअप बंद करा, फायली कुठं आहेत ते बघा, मग पुढं जा.

उरलेली जागा कोण खातं? तात्पुरत्या फायली, अपडेटचे जुने अवशेष, आणि हायबरनेशनची एक भलीमोठी फाइल. तात्पुरत्या फायली आणि अवशेष स्टोरेजच्या सेटिंगमधूनच साफ होतात. हायबरनेशनची फाइल सीमधून हलवता येत नाही. पण हायबरनेट कधी वापरतच नसाल तर ती सोय बंद करता येते, आणि मग फाइलही जाते. माझ्या रूममेटला त्या रात्री हे ठाऊक असतं तर फॉरमॅटची वेळच आली नसती.

विंडोज १० गेलं, आता पुढं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. नांदेड-लातूरच्या रूमांवरचे बरेच लॅपटॉप सेकंडहँड असतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळं जुनी मशीन तिथंच अडतात. म्हणून आता वर्गातली काही पोरं उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकताहेत. चांगली गोष्ट आहे. आणि आपलं घर वेगळं मांडायचा हा खेळ तिथं जास्त सोपा आहे.

लिनक्समध्ये आपलं सगळं ‘होम’ या डायरेक्टरीत असतं. फायलीही आणि आपण केलेली बहुतेक सेटिंगही. या होमला स्वतंत्र पार्टिशन दिलं, तर उद्या सिस्टीम बिघडली की फक्त सिस्टीमचं पार्टिशन पुसून नवीन टाकायचं. होम जागच्या जागी. नव्यानं टाकताना होमच्या पार्टिशनसमोर ‘फॉरमॅट’ची खूण नाही ना, तेवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आधी एकाच पार्टिशनवर टाकलं असेल तरी नंतर वेगळं करता येतं. नवीन पार्टिशन ईएक्सटी ४ प्रकारचं करायचं. विंडोजचं एनटीएफएस इथं चालवायचं नाही, कारण कुठली फाइल कोणाची आणि कोणाला काय परवानगी, हा लिनक्सचा हिशोब त्यावर जसाच्या तसा टिकत नाही. पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सनं मशीन चालू करायचं, म्हणजे कॉपी होत असताना होम वापरात नसतं. मालकी आणि परवानग्यांसकट सगळं नव्या जागी कॉपी करायचं. मग ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये नव्या पार्टिशनचा ओळख क्रमांक लिहायचा. जुनं होम पुसायचं नाही, त्याचं फक्त नाव बदलायचं आणि त्याच्या जागी त्याच नावाची रिकामी डायरेक्टरी ठेवायची. मशीन परत चालू करून आठवडाभर वापरायचं. सगळं ठीक वाटलं की मगच जुनं काढायचं.

आणि हात कशाला लावायचा नाही? ‘ईटीसी’, ‘बिन’, ‘लिब’ अशा डायरेक्टऱ्यांना. मशीन चालू होताना पहिल्या क्षणापासून त्या लागतात. कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं हे सांगणारी एफएसटॅब फाइल ईटीसीमध्येच असते. ती ईटीसीच दुसरीकडं नेली तर कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं होईल.

जागा बदलते, नाव राहतं

यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, एवढी सगळी हलवाहलव झाल्यावरही होमचा पत्ता ‘होम’च राहतो. सॉफ्टवेअरला पत्ताच नाही लागत की खालची जमीन बदलली.

आपल्या भागात हे समजायला फार लांब जावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. गावाचं नाव तेच, जागा नवी. त्या दुःखाशी एका लॅपटॉपची तुलना मी करत नाहीये. पण ‘पुनर्वसन’ हा शब्द ऐकत जी पोरं मोठी झाली, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. गाव हलवणं म्हणजे नुसती घरं हलवणं नव्हे. रस्ता, पाणी, शाळा, सातबारा, पत्ता, सगळं नव्या जागेशी जोडावं लागतं. जोडणी राहिली की घर असूनही माणूस अडकतो. डायरेक्टरी हलवतानाही नेमकं हेच चुकतं. फायली पोचतात, जोडणी राहते.

आणि हा प्रश्न आपल्यालाच पडलाय असंही नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. त्यांच्या डिस्क इतक्या लहान होत्या की आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यांवर मावला नसता. पहिली डिस्क भरली तेव्हा सिस्टीमचं सामान दुसऱ्या डिस्कवर सरकवलं गेलं. तिथं वापरणाऱ्यांच्या डायरेक्टऱ्या होत्या आणि त्या जागेचं नाव होतं ‘यूएसआर’. म्हणजे सिस्टीमनं माणसांच्या घरात बिऱ्हाड थाटलं. पुढं माणसांनाच तिथून उठून दुसरीकडं जावं लागलं. एका अडचणीपोटी झालेली ही वाटणी पुढं कित्येक वर्षं नियम म्हणून चालली. फेडोरानं २०१२ मध्ये सतराव्या आवृत्तीत ते विखुरलेलं सामान पुन्हा एकत्र केलं. सांगायचा मुद्दा हा, की डिस्क भरली म्हणून डायरेक्टरी हलवणं ही काही अडाण्यांची गरज नाही. ज्यांनी सिस्टीम बनवली त्यांनीही तेच केलं.

पण कशाला एवढं?

आता उलट बाजू. एक मित्र म्हणाला, “आता सगळं गूगल ड्राइव्हवर असतं. पार्टिशन हा जुना जमाना झाला.” त्याचं अर्धं बरोबर आहे. नवा लॅपटॉप असेल, एकच एसएसडी असेल, तर तिचे चार तुकडे केल्यानं वेग वाढत नाही. उलट आपल्याकडं दुकानात डिस्कचे समान तुकडे पाडून देतात, सीला इवलीशी जागा ठेवतात, आणि तिथंच दोन वर्षांनंतरच्या लाल पट्टीचं बी पेरलं जातं. नंतर सी वाढवायला गेलं तर विंडोजचं स्वतःचं साधन अडून बसतं. त्याला सीच्या लगतच रिकामी जागा लागते आणि तिथं डी बसलेला असतो. म्हणून नवीन घेणाऱ्यांना माझा सल्ला आहे, सीला भरपूर जागा ठेवा, निदान दोनशे जीबी. नाहीतर वाटणीच करू नका आणि आपल्या फायलींचं एकच वेगळं फोल्डर ठेवा.

पण गूगलवर सगळं? फुकटात मिळतात १५ जीबी, तेही जीमेल आणि फोटोंसकट. गावाकडं रेंज जाते तेव्हा तेही हाताशी नसतात. शिवाय क्लाउडवर काय आहे आणि काय नाही, हे माहीत नसेल तर तीच गत. आजार तोच आहे. आपलं सामान कुठं आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. डीला नेलं म्हणजे सांभाळलं गेलं, असं समजू नका. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील तर डिस्क मेली की दोन्ही गेले. बांध घातल्यानं रान दोन होत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बघा. ‘डिस्क ०’ च्या ओळीत दोन्ही दिसले तर ते एकाच रानात आहेत. डीमुळं फॉरमॅटपासून बचाव होतो, डिस्क मरण्यापासून होत नाही. त्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क हवीच.

दोन मार्कांचं पार्टिशन

आता थोडं कॉलेजबद्दल. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात आपण पार्टिशनची व्याख्या लिहितो आणि दोन मार्क मिळवतो. पण लॅबमध्ये ड्राइव्हला हात लावायची मुभा नसते. सगळं लॉक. मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा होतं तसं. मी त्यांना दोष देत नाही. साठ मशीन, एक लॅब असिस्टंट आणि दिवसाला चार बॅचेस. एकानं पार्टिशन उडवलं तर दुसऱ्या दिवशीचं प्रॅक्टिकल बुडतं. पण याचा परिणाम असा होतो की पदवी घेऊन बाहेर पडणारा मुलगा लॅपटॉप लाल झाला की शेजारच्या गल्लीतल्या दुकानात जातो, आणि तिथं त्याच्याच वयाचा, पदवी नसलेला पोरगा त्याचं काम करतो. कारण त्या पोरानं शंभर मशीन उघडून, बिघडवून, पुन्हा नीट करून बघितलेली असतात.

मला वाटतं, प्रत्येक कॉलेजनं भंगारात काढलेले चार-पाच पीसी एका कोपऱ्यात ठेवावेत आणि वर पाटी लावावी, ‘बिघडवा’. तेवढंही जमत नसेल तर व्हर्च्युअल बॉक्स फुकट आहे. त्यात खोटं मशीन तयार करता येतं. खोटी डिस्क, खोटं पार्टिशन. होम हलवा, ईटीसी उडवा, रडत बसा, पुन्हा टाका. खऱ्या लॅपटॉपमधली एक फाइलही जाणार नाही. कुठल्याही व्याख्येपेक्षा या एका दुपारीतून जास्त कळतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझं खोटं मशीन तीनदा मेलं. चौथ्यांदा चालू झालं तेव्हा रूमवर एकटाच ओरडलो.

रूममेटचं पुढं काय झालं? प्रोजेक्ट त्यानं चार रात्री जागून पुन्हा लिहिला. दाखले पुन्हा स्कॅन केले. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं थोड्या फायली वर काढल्या, पण त्यातल्या बऱ्याच उघडल्याच नाहीत. ओव्यांपैकी एक बहिणीच्या मोबाइलमध्ये सापडली, कारण त्यानं ती कधीतरी तिला व्हॉट्सॲप केली होती. बाकीच्या गेल्या. आता ती एक ओवी त्याच्या लॅपटॉपच्या डीमध्ये आहे, पेन ड्राइव्हवर आहे आणि बहिणीकडं तर आहेच.

या रविवारी मेसचा डबा यायच्या आधी दहा मिनिटं काढा. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि लोकेशनसमोर काय लिहिलंय ते वाचा. ते सीनं सुरू होत असेल, तर पुढचं काम तुम्हाला माहीत आहे.